दीडची वायर : एका बोटीच्या आगीचा घटनाक्रम

28 फेब्रुवारी 2025 च्या पहाटे अलिबागजवळ आक्षीसमोरच्या समुद्रात एक मासेमारी बोट पेटली. तिच्यावरच्या 18 जणांना सुखरूप काढलं आणि बातमी राज्यभर गेली. नऊ-दहा मीटरची लहान बोट जळते तेव्हा गावाबाहेर फारसं कुणाला कळत नाही, आणि ती का जळली हे तर गावातही नीट कळत नाही. खालची बोट मी जुळवून उभी केली आहे, आक्षीच्या आगीशी तिचा संबंध नाही. जयगडची, नाट्याची किंवा मालवणची समजली तरी चालेल. मी तिला हर्णैच्या समुद्रात ठेवलं आहे. माणसं कल्पित आहेत. तारेची जाडी, अँपिअर, खारं पाणी आणि वारा ज्या नियमांनी वागतात ते मात्र कल्पित नाहीत.

सहा आठवडे आधी, दुपारी तीन

ओहोटी आहे आणि बोट वाळूवर कलून उभी आहे. नऊ मीटरची फायबरची बोट, दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, शंभर अँपिअर-अवरची 12 व्होल्टची एकच बॅटरी. या एका बॅटरीवर इंजिनाचा स्टार्टर, रेडिओ, तळातलं पाणी उपसणारा पंप, डोलकाठीवरचे लाल-पांढरे दिवे आणि केबिनमधला एक बल्ब चालतो.

तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, चार एलईडी फ्लडलाइट आणले आहेत. ट्रकना आणि जेसीबीला लावतात तसले, प्रत्येकी 48 वॅटचे. हौस म्हणून आणलेले नाहीत. जाळं रात्री ओढायचं असतं. शिंगाळ्याचा काटा आणि पाकटाची नांगी अंधारात दिसत नाही, आणि हात गेला की आठ-दहा दिवस कामाला माणूस कमी पडतो. ज्याने कधी रात्री जाळ्यातून मासळी सोडवली आहे त्याला हा खर्च समजावून सांगावा लागत नाही.

तांडेलाचा भाचा मोटरसायकली दुरुस्त करतो, हात चांगला आहे. घराच्या नव्या खोलीच्या वायरिंगमधून उरलेली दीडची वायर, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर तांब्याची, त्याने बरोबर आणली आहे. चार दिवे त्याने इंजिनाजवळच्या फ्यूजपेटीतल्या मोकळ्या जागेत जोडले आणि बटण दाबलं. लख्ख उजेड पडला आणि काही सेकंदांत गेला. दहाचा फ्यूज उडाला होता. त्याने दुसरा घातला, तोही उडाला.

इथे थोडं थांबायला हवं. चार दिव्यांचे 192 वॅट, 12 व्होल्टवर म्हणजे 16 अँपिअर. घरात 230 व्होल्टवर हेच 192 वॅट एका अँपिअरपेक्षा कमी प्रवाह घेतात, म्हणून घरात दीडची वायर या दिव्यांना पुरून उरली असती. व्होल्ट कमी झाले की अँपिअर वाढतात, आणि वायर तापते ती अँपिअरनी. हा फरक शाळेच्या पुस्तकात असतो, पण वायरीच्या गुंडाळीवर तो कुणी छापत नाही. बॅटरीपासून केबिनच्या टपापर्यंत सात मीटर आणि परतीचे सात मीटर, अशा चौदा मीटर दीडच्या वायरीत 16 अँपिअर गेले की अडीच व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. अमेरिकेतल्या बोटबांधणीच्या मानकांत, जी जगभर आधाराला घेतात, साध्या दिव्यांसाठी वाटेत दहा टक्क्यांपेक्षा जास्त व्होल्ट गमावू नयेत असं आहे. तो हिशोब मांडला तर इथे चारची वायर लागते.

दहाच्या फ्यूजने आपलं काम चोख केलं होतं. भाच्याला मात्र तो अडथळा वाटला. त्याने पेटी सोडली आणि नवी वायर सरळ बॅटरीच्या टर्मिनलवर आवळली. आता त्या वायरीवर एकही फ्यूज नव्हता. त्याच मानकांत फ्यूज बॅटरीपासून साधारण 18 सेंटिमीटरच्या आत असावा असं सांगितलं आहे, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर उघडीच राहते. इथे सातही मीटर उघडे राहिले.

वायर केबिनपाशी संपली. दुसरा तुकडा घेऊन, दोन्ही टोकं सोलून, पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळून जोड केला. तो जोड केबिनमधल्या प्लायच्या कपाटाच्या मागच्या फळीला टेकवून दिला. कपाट कोरडं असतं म्हणून लाइफ जॅकेटही त्यातच ठेवतात.

संध्याकाळी दिवे लावून पाहिले. शेजारच्या दोन बोटींचे तांडेल येऊन बघून गेले आणि आपल्याही बोटीला करून देशील का म्हणून विचारून गेले.

एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. दिव्याने मासळी खेचून पकडायच्या एलईडी मासेमारीला केंद्र सरकारने नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी घातली आणि महाराष्ट्राने 1981 च्या मासेमारी कायद्यात 2021 साली दुरुस्ती करून दंड वाढवला. बंदी योग्यच आहे. वरच्या बोटीचे दिवे त्या जातीचे नाहीत, ते कामाच्या उजेडाचे आहेत. पण बंदरावर ‘एलईडी’ हा शब्द काढला की माणसं गप्प होतात आणि वायरिंग कसं करावं याबद्दल उघड बोलणं राहून जातं. कामाच्या दिव्यांसाठी वायर किती जाड हवी, फ्यूज कुठे हवा, याचा एक साधा तक्ता प्रत्येक बंदरात मराठीत लावला पाहिजे असं मला कळकळीने वाटतं.

तीन आठवडे आधी

काहीच घडत नाही. दिवे उत्तम लागतात.

टेपच्या आत मात्र खारी हवा शिरते. उन्हाने टेपचा चिकटा सैल होतो, पहाटेच्या दवाने आत ओल जाते, आणि मीठ ती ओल धरून ठेवतं. उघडं तांबं आधी काळं पडतं, मग हिरवं. घरगुती वायरीचं तांबं साधं असतं. बोटीसाठीच्या वायरीला कथिलाचा मुलामा असतो तो याचसाठी. गंज प्लॅस्टिकच्या आतून तारेच्या अंगानेही सरकतो, वरून दिसत नाही. पिळलेल्या दोन टोकांची भेट आता थोड्याच ठिकाणी होते आणि सगळा प्रवाह त्या थोड्या जागेतून जातो.

नऊ तास आधी, संध्याकाळी 5:20

डिसेंबर, अवसेच्या जवळची रात्र. बोट निघते. तांडेल, त्याचा भाचा आणि दोन खलाशी, एक वयस्क ज्याला सगळे अण्णा म्हणतात, आणि एक पहिल्याच हंगामाचा पोरगा. मागे सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर लिलावाची गर्दी.

केबिनच्या भिंतीला डॅट टांगलेलं आहे. हे संकटसंदेश पाठवणारं यंत्र इस्रोने तयार केलं आणि 2010 पासून ते वापरात आहे. बटण दाबलं की उपग्रहामार्फत संदेश आणि जागा तटरक्षक दलाकडे जाते. त्याची बॅटरी स्वतःची असते. बोटीवर मोठ्या बॅटरीवर न टांगलेली, संकटाची खबर देणारी ही एकमेव वस्तू.

सात तास आधी, संध्याकाळी 7:20

किनाऱ्यापासून आठ सागरी मैल. जाळं सोडून झालं. बोये एकामागून एक पाण्यात जातात, शेवटचा दोर नाळेला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, बांधला जातो. इंजिन बंद. आता बोट आणि जाळं एकत्र वाहणार. भाकरी, सुकटीची चटणी, चहा.

साडेचार तास आधी, रात्री 9:50

दक्षिणेकडून मोठं मालवाहू जहाज येतं. अण्णा फ्लडलाइट लावायला सांगतो, म्हणजे जहाजाला आपण दिसू. जहाज दुरून निघून जातं आणि सगळ्यांना वाटतं दिव्यांचा उपयोग झाला. खरं तर झाला उलटा परिणाम. 1972 च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांप्रमाणे ट्रॉलर सोडून जाळं टाकलेल्या बोटीने वर लाल आणि खाली पांढरा दिवा लावायचा असतो, आणि त्यांना झाकतील असे दुसरे दिवे लावायचे नसतात. चार फ्लडलाइटच्या झगमगाटात तो लाल दिवा बुडाला. जहाजावरच्या माणसाला एक पांढरा ठिपका दिसला; ही जाळं टाकलेली बोट आहे, हिच्यासमोर मैलभर दोर आहे, हे कळायची खूण गेली.

तीन तास आधी, रात्री 11:20

जाळं ओढायला सुरुवात. चारही दिवे लागतात.

सुरमई थोडी, बांगडा बरा, शिंगाळा नको इतका. वीसएक मिनिटांनी उजेड थरथरतो. पोरगा म्हणतो, “तांडेल, लाइट मिणमिणतेय.” तांडेल न वळता सांगतो, “बॅटरी बसली असेल. इंजिन चालू कर.”

सगळ्या बोटींवर याचा हाच अर्थ काढतात, आणि दहातल्या बऱ्याच वेळा तो खराही असतो. म्हणून मी तांडेलाला दोष देणार नाही. पण उजेड मिणमिणण्याचं दुसरं कारण जोड कच्चा होणं हे असतं, आणि दोन्हींची खूण एकच दिसते. फरक ओळखायला एकच गोष्ट करावी लागते : त्याच बॅटरीवरचा केबिनमधला बल्ब बघायचा. तोही मंद असेल तर बॅटरी बसली आहे. तो नीट असेल तर नव्या वायरीत कुठेतरी वाट अडली आहे. त्या रात्री केबिनमधला बल्ब नीट जळत होता.

अडीच तास आधी, रात्री 11:50

इंजिन चालू, बॅटरी चार्ज होऊ लागली, व्होल्ट वर गेले. दिवे पुन्हा उजळले. समाधान झालं.

कपाटामागच्या जोडाचा रोध आता 0.15 ओहम धरू. ऐकायला काहीच नाही. पण त्यातून 15 अँपिअर जातात. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे जवळपास 34 वॅट, आणि तेही बोटाच्या पेराएवढ्या जागेत. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातलं 35 वॅटचं सोल्डरिंग आयर्न चालू करून प्लायच्या फळीला टेकवून ठेवावं आणि दार लावून घ्यावं, तसं हे आहे.

या टप्प्यावर फ्यूज असता तरी उडाला नसता, हे नीट समजून घ्यायला हवं. फ्यूज जादा प्रवाहाला उडतो. कच्च्या जोडातून प्रवाह जादा जात नाही, उलट थोडा कमीच जातो. उष्णता तयार होते ती रोधामुळे. म्हणून “फ्यूज आहे ना, मग काळजी नाही” हे वाक्य बोटीवर अर्धंच खरं. जोडाची काळजी जोडच घेतो : दाबून बसवलेला लग, वर चिकटा असलेली उष्णतेने आवळणारी नळी, आणि तो हाताला लागेल, डोळ्यांना दिसेल अशी जागा.

एक तास आधी, रात्री 1:20

जळक्या प्लॅस्टिकचा वास येऊ लागला आहे. घरगुती वायरीचं प्लॅस्टिक साधारण 70 अंश सेल्सिअसपर्यंतच्या वापरासाठी असतं. जोडाजवळ ते कधीच ओलांडलं गेलं. पण बोटीवर डिझेलचा धूर आहे, मासळीचा वास आहे, आणि किनाऱ्याकडून मतलई वारा सुटला आहे. नाळ जाळ्याला बांधलेली असल्यामुळे बोट वाऱ्याकडे तोंड करून आहे. माणसं पुढे नाळेपाशी जाळं ओढताहेत, केबिन मागे. वास त्यांच्याकडे न येता समुद्राकडे निघून जातो.

अण्णा पाणी प्यायला मागे जातो. केबिनच्या दारात त्याला काहीतरी जाणवतं. “इंजिनाचा पट्टा घासतोय काय बघ,” असं तो भाच्याला सांगतो. भाचा इंजिनापाशी वाकून बघतो, पट्टा ठीक आहे. कपाट उघडायचं कुणाच्या मनात येत नाही.

वीस मिनिटं आधी, रात्री 2:00

प्लाय काळी पडून निखाऱ्यासारखी धुमसते. हवा कमी असल्यामुळे ज्वाळा नाही. लाइफ जॅकेटच्या आतला फोम वितळू लागतो. दिवे पुन्हा मिणमिणतात. जाळ्याचा शेवटचा तिसरा भाग उरला आहे, कुणी मान वर करत नाही.

दीड मिनिट आधी

जोडाजवळच्या दोन्ही वायरींवरचं प्लॅस्टिक वितळलं. धन तार आणि ऋण तार एकमेकींना लागल्या. शॉर्ट सर्किट आत्ता झालं, सहा आठवड्यांनी.

आता फ्यूजचा क्षण आला. बॅटरीजवळ वीसचा फ्यूज असता तर तो निमिषात उडाला असता, दिवे गेले असते आणि एक धुमसती फळी उरली असती, जी दोन बादल्या पाण्याने विझते. फ्यूज नव्हता. बॅटरीपासून जोडापर्यंतच्या वायरीत नेहमीच्या कितीतरी पट अँपिअर धावले. वायर इंजिनापासून केबिनपर्यंत सगळ्या लांबीत लाल झाली. तिला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी रेडिओची, पंपाची आणि डोलकाठीच्या दिव्यांची वायर बांधलेली होती, कारण नीटनेटकं दिसावं म्हणून भाच्याने सगळ्या एकत्र बांधल्या होत्या. एका जागी लागलेली आग अशी एका ओळीत सगळीकडे लागली.

शून्य, रात्री 2:20

चारही दिवे एकदम गेले. डोलकाठीवरचे गेले. केबिनमधला बल्ब गेला. इंजिन मात्र चालू होतं. असल्या साध्या डिझेल इंजिनाला चालत राहायला वीज लागत नाही. अंधारात सगळ्यांनी मागे पाहिलं तर केबिनच्या दाराच्या फटीतून केशरी उजेड येत होता.

भाचा धावला. त्याने कपाट उघडलं आणि हवा मिळताच ज्वाळा त्याच्या हातांवर आली. तशा हातांनी तो बॅटरीकडे वळला. टर्मिनल सोडवायला दहा नंबरचा पाना लागतो, आणि पाना केबिनमधल्या डब्यात होता. मेन स्विच असता तर एका हाताच्या वळणाचं काम होतं. अग्निशामक इंजिनाच्या खणात टांगलेला, त्यातली पावडर दमटपणाने घट्ट झालेली. दोन फुसकारे आले. तांडेलाने रेडिओ उचलला, चॅनल 16. रेडिओ बंद होता. डॅट केबिनच्या भिंतीवर, ज्वाळेच्या पलीकडे.

2:24

फायबरग्लासची बोट ज्या राळेने बनते ती पेटली की काळा, डोळे फोडणारा धूर येतो. पोरगा आणि अण्णा बादल्यांनी पाणी मारत होते. पाण्याने ज्वाळा बसत होत्या आणि लाल वायर त्या पुन्हा उठवत होती, जोपर्यंत वायर वितळून तुटली नाही. तोवर केबिनच्या टपाने पेट घेतला होता.

तांडेलाने इंजिन बंद केलं. डिझेलची नळी पेटू नये म्हणून तो योग्यच निर्णय होता. पुन्हा चालू करायला मात्र स्टार्टर उरला नव्हता.

2:31

मतलई वारा आग मागे ढकलत होता म्हणून नाळ काही मिनिटं मोकळी राहिली. अण्णा म्हणाला, “दोर कापू नका.” त्या रात्रीतला सर्वात शहाणा निर्णय तो. जाळं तोडून दिलं असतं तर मतलईने बोट आणि माणसं सगळी खोल समुद्राकडे गेली असती. चौघं डिझेलचे दोन रिकामे कॅन घेऊन नाळेवरून पाण्यात उतरले आणि बोयांचा दोर धरून बोटीपासून दूर सरकत गेले. डिसेंबरातही कोकणच्या समुद्राचं पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे थंडीने माणूस लगेच गळत नाही. भाच्याचे हात भाजले होते, खारं पाणी लागून तो ओरडत होता. मामाने त्याच्या काखेत दोर घालून त्याला कॅनला बांधलं.

3:25

तीन मैलांवरच्या बोटीने आग पाहिली आणि आपलं जाळं टाकून देऊन ती आली. चौघांना वर घेतलं. त्या बोटीच्या रेडिओवरून तटरक्षक दलाला कळवलं गेलं. साडेचारच्या सुमाराला बोट पाण्याच्या रेषेपर्यंत जळून बुडाली. इंजिन गेलं, जाळ्याचा ओढून घेतलेला भाग गेला, उरलं हंगामाच्या डिझेलचं कर्ज.

दुपारी दोन

जबाब घेतले गेले. आगीचं कारण या ओळीत दोन शब्द लिहिले : शॉर्ट सर्किट. कागदावर ते खोटं नाही, पण शॉर्ट सर्किट ही सहा आठवड्यांच्या गोष्टीतली शेवटची दीड मिनिटं होती. दीडची वायर, वगळलेला फ्यूज, टेपचा जोड, कपाटात बंद केलेली जागा आणि सगळं एकाच बॅटरीवर : यातलं काहीही त्या ओळीत मावलं नाही. पुढच्या बोटीला ज्याचा उपयोग व्हावा तो सगळा मजकूर त्यामुळे गळून जातो. मत्स्यव्यवसाय खात्याच्या आणि पोलिसांच्या नमुन्यात ‘जोड कुठे होता, फ्यूज कुठे होता’ एवढ्या दोन रकान्यांची भर घालायला हवी, ही माझी मागणी आहे.

संध्याकाळी साडेपाच

शेजारच्या ज्या दोन तांडेलांनी भाच्याकडून तसेच दिवे करून घेतले होते, ते दवाखान्यात त्याला भेटून आले. त्याने पट्टी बांधलेल्या हातांनी समजावून सांगितलं : दिवे अर्धा तास लावून ठेवा, मग बंद करा आणि लगेच प्रत्येक जोडाला हात लावून बघा. कोमट लागला तर उद्या बदला, चटका बसला तर आत्ताच कापा. दोघांनी बोटी किनाऱ्याला लावून तसं केलं. एकाचा जोड कोमट होता. दुसऱ्याच्या कपाटातल्या टेपला बोट चिकटलं. त्याने बॅटरीची वायर सोडून ठेवली आणि त्या रात्री बोट काढली नाही.